चाळणीची परीक्षा



भात झोडून झालं, वाऱ्यावर उफणून झालं, चाळणीतून काढून पोती शिवली, की आपण म्हणतो, माल साफ झाला. किती साफ झाला असं कुणी विचारलं, तर मूठभर भात तळहातावर घेऊन दाखवतो आणि सांगतो, "बघा की, चांगला आहे."

खरेदी केंद्रावर मात्र 'चांगला' हा शब्द चालत नाही. तिथे कागदावर आकडे असतात. सरकारी आधारभूत किमतीने भात घेताना गेली कित्येक वर्षे जी मापं लावली जातात ती अशी : माती, खडे, रेती हे सगळं मिळून वजनाने शेकडा १ च्या आत, काडी-कचरा, पेंढ्याचे तुकडे, तणाचे बी शेकडा १ च्या आत, कच्चे, आकसलेले, चिपट दाणे शेकडा ३ च्या आत, आणि ओलावा शेकडा १७ च्या आत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू या बाजूच्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर भात जातो, तिथेही हीच भाषा असते. हंगामाच्या सुरुवातीला केंद्रावर मापांचा तक्ता लावलेला असतो, तो पोती भरण्याआधी वाचून घ्यावा. शेकडा १ म्हणजे १०० किलोच्या मालात १ किलो माती. ती डोळ्यांना दिसत नाही. आणि माल तिथे अडला, की टेम्पोचं भाडं, हमाली आणि उघड्यावर पुन्हा चाळण्याची मजुरी हे सगळं आपल्याच अंगावर येतं.

म्हणून या पत्रकात चाळावं कसं हे सांगण्यापेक्षा, चाळण आपलं काम किती खरं करते हे मोजावं कसं, ते सांगणार आहोत. याला मोठं यंत्र लागत नाही. एक तराजू, एक चांगली चाळण, कागद-पेन्सिल आणि दुपारचा एक तास पुरतो.

कारखान्यातली रीत

बोईसर-तारापूरच्या आसपास असं गाव क्वचितच सापडेल, की जिथल्या घरटी कुणी ना कुणी एमआयडीसीत पाळीला जात नाही. त्या मुलाला विचारा. रंगाच्या, औषधाच्या, रसायनाच्या कारखान्यात भुकटी सुकवली, दळली, की ती गोल थरथरत्या चाळणीवर घालतात. जाड वर राहते, बारीक खाली जाते. तिथे 'चांगली चाळली' असं कुणी म्हणत नाही. वरचा नमुना, खालचा नमुना आणि चाळण्याआधीचा नमुना असे तीन नमुने घेतात आणि मोजमापाच्या चाळणीवर तपासतात. औषधाच्या भुकटीचं मापच असं दोन टोकांनी बांधलेलं असतं. भारतीय औषधकोशात ज्याला भरड भुकटी म्हटलं आहे, तिचा कणन् कण १.७० मिलीमीटरच्या जाळीतून गेला पाहिजे, आणि ३५५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलीमीटरच्या सुमारे एक तृतीयांश भोकातून शेकडा ४० पेक्षा जास्त भुकटी जाता कामा नये. जाड किती चालेल आणि बारीक किती चालेल, दोन्ही बाजू ठरलेल्या.

डोंगर फोडून खडी काढणाऱ्या क्रशरवरही तेच. खडी, ग्रिट आणि कच यांचे ढीग वेगवेगळे पडतात, पण खडीच्या ढिगात कच किती राहिली यावर तिचा भाव ठरतो. भाताला ही रीत लावायला काहीच हरकत नाही. खरं तर भाताला ती लावणं सोपं आहे, कारण भाताचा दाणा डोळ्यांनी ओळखता येतो.

दोन प्रश्न, एक नव्हे

चाळण कशी आहे हे विचारायचं तर दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला : जे खाली जायला हवं होतं, त्यातलं किती खाली गेलं? दुसरा : जे वर राहायला हवं होतं, त्यातलं किती वर राहिलं? आपण बहुतेक वेळा फक्त खालचा ढीग बघतो. ढीग मोठा पडला की वाटतं, वा, चाळण जोरात आहे. पण त्या ढिगात चांगला दाणा किती गेला? आणि ढीग लहान पडला, तर माल मुळातच स्वच्छ होता, की घाण वरच राहिली? खालचा ढीग एकटा काहीच सांगत नाही.

आता प्रत्यक्ष करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या खळ्यावर ते वेगळे येतील.

आधी 'परीक्षेची चाळण' वेगळी काढा. ही कामाच्या चाळणीच्याच भोकाची, पण नवी, कुठेही न वाकलेली, न फाटलेली असावी. ती रोजच्या कामाला वापरायची नाही, खुंटीला टांगून ठेवायची. गावात चार घरं मिळून एक घेतली तरी चालेल.

उफणलेलं भात २० किलो तोलून घ्या. नेहमी चाळता तसंच चाळा. उगाच जपून नको, नाहीतर परीक्षा खोटी होते. चाळून झाल्यावर वरचा आणि खालचा ढीग वेगवेगळे तोला. समजा वर १८ किलो ६०० ग्रॅम राहिलं आणि खाली १ किलो ४०० ग्रॅम पडलं. बेरीज २० किलो आली पाहिजे. पाव किलो कमी भरलं, तर ते कुठे सांडलं ते आधी शोधा.

आता वरच्या ढिगातून १ किलोचा नमुना घ्या. त्याचे पाव-पाव किलोचे चार भाग करा आणि एकेक भाग परीक्षेच्या चाळणीवर तीन-चार मिनिटं सावकाश, बाजूने टपल्या मारत चाळा. आणखी एक मिनिट चाळून ग्रॅमभरही खाली पडेनासं झालं, की तो भाग झाला. चारही भागांचं मिळून खाली पडलेलं तोला. समजा ते ३२ ग्रॅम भरलं. घरच्या काट्यावर एवढं लहान वजन उतरत नसेल, तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घ्या.

एका किलोत ३२ ग्रॅम, तर १८ किलो ६०० ग्रॅममध्ये १८.६ गुणिले ३२, म्हणजे ५९५ ग्रॅम. धरून चाला ६०० ग्रॅम. हे सगळं खाली जायला हवं होतं आणि वर राहून गेलं. मग त्या २० किलोत खाली जाण्याजोगा माल एकूण किती होता? जो गेला तो १४०० ग्रॅम आणि जो अडकला तो ६०० ग्रॅम, मिळून २००० ग्रॅम. त्यातला १४०० गेला. म्हणजे चाळणीने शेकडा ७० काम केलं. १०० पैकी ३० वाटे घाण तुमच्या पोत्यात परत गेली.

एवढ्यावर थांबू नका. ते ३२ ग्रॅम ताटलीत पसरा आणि बोटाने निवडा. माती-रेती एकीकडे, चिपट दाणे आणि तणाचे बी दुसरीकडे. समजा माती-रेती १२ ग्रॅम निघाली. १ किलोत १२ ग्रॅम म्हणजे शेकडा १.२. केंद्राचं माप शेकडा १. भात चांगलं असूनही माल अडणार, आणि तो नेमका का अडणार हे आता टेम्पो भरण्याआधी कळलं.

फाटक्या चाळणीचा मोठा ढीग

शेजाऱ्याकडे दुसरी चाळण आहे. जुनी, ऐसपैस, तिच्या तारा दोन-तीन ठिकाणी सरकलेल्या. त्याच भाताचे दुसरे २० किलो तिच्यावर घातले. वर १८ किलो १०० ग्रॅम राहिलं, खाली १ किलो ९०० ग्रॅम पडलं. बघणाऱ्याला वाटेल, ही चाळण भारी.

वरच्या १ किलोत परीक्षेच्या चाळणीने २६ ग्रॅम निघाले, त्यात माती ८ ग्रॅम. म्हणजे मातीच्या मापात माल बसला. पण इथे खालचा ढीगही तपासायला हवा, कारण चाळण शाबूत नाही. खालचे १०० ग्रॅम परीक्षेच्या चाळणीवर घातले, तर त्यातले २० ग्रॅम वरच राहिले. ते चांगले भरलेले दाणे होते. १०० ला २०, तर १९०० ला ३८०. म्हणजे २० किलो चाळताना ३८० ग्रॅम चांगलं भात कोंबड्यांच्या वाट्याला गेलं. खाली गेलेली खरी घाण १५२० ग्रॅम. वर राहिलेली घाण १८.१ गुणिले २६, म्हणजे ४७० ग्रॅम. एकूण घाण १९९० ग्रॅम, त्यातली १५२० गेली, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेकडा ७६. दुसऱ्या प्रश्नाचं असं : एकंदर चांगलं भात सुमारे १८ किलो, त्यातलं ३८० ग्रॅम गेलं, म्हणजे शेकडा ९८ राहिलं.

कारखान्यात या दोन आकड्यांचा गुणाकार करून एकच आकडा काढण्याची पद्धत आहे. ७६ चे शेकडा ९८ म्हणजे साधारण ७४ ते ७५. पहिल्या चाळणीचे ७० आणि १०० मिळून ७०. त्या हिशेबाने फाटकी चाळण वरचढ ठरते! म्हणूनच आमचं सांगणं असं, की शेतकऱ्याने हे दोन आकडे वेगळेच ठेवावेत, गुणाकार करू नये. गुणाकाराला भाताचा भाव कळत नाही. २० किलोला ३८० ग्रॅम, तर २० क्विंटलला ३८ किलो. जवळजवळ एक पोतं भात एका चाळणीच्या चार सरकलेल्या तारांतून गळालं.

मग उपाय काय? पहिली, शाबूत चाळणच घ्या, पण एका वेळी निम्मंच भात घाला आणि थोडा जास्त वेळ द्या. समजा आता वर १८ किलो २०० ग्रॅम आणि खाली १ किलो ८०० ग्रॅम आलं. वरच्या १ किलोत फक्त ११ ग्रॅम निघाले, त्यात माती ४ ग्रॅम. अडकलेली घाण १८.२ गुणिले ११, म्हणजे २०० ग्रॅम. २००० पैकी १८०० गेली, शेकडा ९० काम झालं. चांगला दाणा एकही गेला नाही. चाळण तीच, भात तेच, फक्त थर पातळ केला. वेळ मात्र वाढला, हे खरं. मजुरीशी तो ताडून बघायचा.

थर पातळ का ठेवायचा

थर जाड असला की वरच्या थरातल्या मातीच्या कणाला जाळीपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. तो पोचेपर्यंत चाळण पुढे झुकवून रिकामी केलेली असते. हे तर कुणालाही पटेल. दुसरं कारण मात्र थोडं गमतीचं आहे.

एक चौकोनी भोक घ्या, १ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद. वरून अर्ध्या सेंटिमीटरची गोटी सरळ खाली पडते आहे. तारेला न शिवता ती जायची, तर तिचा मध्य भोकाच्या मधोमध अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनात पडायला हवा. तो लहान चौकोन म्हणजे पूर्ण भोकाचा चौथा हिस्सा. म्हणजे चार वेळा पडली तर एकदा जाणार. गोटी पाऊण सेंटिमीटरची असेल, तर मधला चौकोन पाव सेंटिमीटरचा, म्हणजे भोकाचा सोळावा हिस्सा. सोळा वेळा उडाल्यावर एकदा. आणि गोटी भोकाच्या शेकडा ९० मापाची असेल, तर शंभरात एकदा! तारेची जाडी धरली तर याहून कमी.

यातून काय दिसतं? धुळीसारखी माती पहिल्या दोन झटक्यांतच जाते. जी घाण भोकाच्या जवळजवळ मापाची असते तीच रेंगाळते. चिपट दाणे, मोठी रेती, देवभातासारख्या तणाचं बी यांना जाळीवर पुन्हा पुन्हा उडावं लागतं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात ढीगभर पडलं म्हणून काम झालं असं समजू नये. कठीण माल शेवटीच पडतो. खालचा ढीग वाढायचा थांबला असं वाटल्यावरही थोडा वेळ चाळावं ते याच कारणाने. जोरात आपटून मात्र काही साधत नाही. दाणा जाळीपासून वर उडत राहिला तर त्याला भोक सापडायचं कधी?

भोक गोल की लांबट

भाताच्या दाण्याला तीन मापं आहेत : लांबी, रुंदी आणि जाडी. गोल भोकातून दाणा जायचा तर तो उभा राहून जातो, तेव्हा त्याची रुंदी आडवी येते. लांबट फटीतून तो कुशीवर वळून जातो, तेव्हा जाडी आड येते. चिपट दाणा लांबीला आणि रुंदीला भरलेल्या दाण्याएवढाच असतो, फक्त पोटात बसलेला असतो. म्हणून चिपट काढायला लांबट फटींची चाळण पाहिजे. मातीचे खडे, गोल बी काढायला गोल भोकाची. एकाच चाळणीने दोन्ही कामं होतील असं समजू नका. पूर्ण पोकळ पळींज तर चाळणीचं कामच नव्हे, ते वाऱ्याचं आणि सुपाचं. तसाच दाण्याएवढा खडा. तो कोणत्याही भोकाने वेगळा होणार नाही, कारण त्याच्यात आणि दाण्यात फरक वजनाचा आहे, मापाचा नाही. तो सुपाने पाखडूनच काढावा लागतो.

जात बदलली की चाळणही बदलावी लागते. जयाचा दाणा जाड, रत्नाचा लांब आणि बारीक. वाडा कोलम, ज्याला आपण झिनी म्हणतो आणि ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा दाणा तर आणखी नाजूक. जयाला बरोबर बसणाऱ्या चाळणीवर झिनी घातला, तर भरलेला दाणाही खाली जाईल. हळवं आणि गरवं भात एकाच खळ्यावर मिसळलं असेल तर कोणतीच चाळण पूर्ण न्याय देणार नाही. तिथे चाळणीला दोष देऊ नका.

चाळण विकत घेताना पालघर-बोईसरच्या बाजारात दुकानदार 'दहा मेश', 'आठ मेश' असं सांगेल. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं बसली तो आकडा. भोक केवढं ते त्यातून कळत नाही. दहा मेश म्हणजे भोक इंचाचा दहावा हिस्सा, असं बरेच जण समजतात. पण तारही जागा खाते. इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, त्याचा दहावा हिस्सा २.५४. तार ०.९ मिलीमीटर जाडीची असेल तर भोक उरतं १.६४ मिलीमीटर. तार बारीक असेल तर भोक मोठं. म्हणजे दोन दुकानांतल्या दोन 'दहा मेश' चाळण्या सारख्या नसू शकतात. भोकाचं माप मिलीमीटरमध्ये विचारा. आणि जाताना आपल्या भाताची मूठ खिशात न्या, तिथेच चाळून बघा. लाजायचं कारण नाही.

नमुना कुठून घ्यायचा

सगळा हिशेब नमुन्यावर उभा आहे. ढिगाच्या वरून ओंजळ भरून घेतली की हिशेब फसलाच. ढीग ओतताना बारीक माल मध्ये आणि तळाला बसतो, जाड दाणा उतारावरून घरंगळत कडेला येतो. पोत्यातही हादऱ्याने माती खाली उतरते. टेम्पो खड्ड्यांच्या रस्त्याने आला असेल तर विचारायलाच नको. केंद्रावरचा माणूस पोत्यात पोकळ सळई खुपसून आतला माल काढतो तो उगाच नाही.

आपण असं करावं. चार-पाच ठिकाणांहून, वरून, मधून आणि तळातून मिळून आठ-दहा किलो भात घ्यावं. ताडपत्रीवर त्याचा शंकूसारखा ढीग करावा. वरून दाबून पसरट भाकरीसारखा करावा. फळीने त्याचे चार समान भाग पाडावेत. समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारावेत, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. किलोभर उरेपर्यंत हे करत जावं. तारापूरच्या कारखान्यात आणि खडीच्या प्रयोगशाळेतही नमुना असाच चौथाई पद्धतीने कमी करतात.

ओल्या मालाची परीक्षा घेऊ नये. दिवाळीच्या सुमारास सकाळी भातावर दव असतं. ओली माती दाण्याला चिकटते, भोकांत लिंपली जाते, आणि चांगली चाळणही नापास होते. ऊन तापल्यावर, दुपारी चाळावं.

चालत्या यंत्रावर हिशेब

काही गावांत आता बचत गट किंवा सोसायटी मोटरवर चालणारी साफसफाईची यंत्रं ठेवतात. तिथे माल सतत पडत असतो. वरचा आणि खालचा सगळा ढीग तोलत बसणं जमत नाही. तेव्हा तोलायचं नाही, फक्त दोन नमुने घ्यायचे : यंत्रात पडणाऱ्या भाताचा आणि वरून बाहेर येणाऱ्या साफ भाताचा. दोन्हींत शेकडा घाण किती ते परीक्षेच्या चाळणीने काढायचं.

समजा पडणाऱ्या भातात शेकडा १० आणि साफ भातात शेकडा ३.२. आता १० मधून ३.२ वजा करा, राहिले ६.८. त्याला १०० ने गुणा, झाले ६८०. मग १०० मधून ३.२ वजा करा, राहिले ९६.८. ६८० भागिले ९६.८ म्हणजे साधारण ७. याचा अर्थ, १०० किलो भातातून ७ किलो खाली गेलं. जायला हवं होतं १० किलो. काम शेकडा ७०. वर हाताने तोलून जो आकडा काढला होता तोच आला, बघा. मात्र हा सोपा हिशेब यंत्राची जाळी शाबूत असली तरच खरा. खालच्या मालात चांगला दाणा दिसला तर आधी यंत्र थांबवा, जाळी दुरुस्त करा, मग मोजा. आणि नमुना घेताना चालत्या जाळीवर हात घालू नका. वाडगं काठीला बांधून पडत्या धारेखाली धरा. तोंडाला फडकं बांधा, भाताची कुसं घशाला फार त्रास देतात.

गिरणीतली कणी

हाच हिशेब भात भरडायला दिल्यावरही कामी येतो, आणि तिथे घरचं जास्त अडकलेलं असतं. भरडून आल्यावर तांदूळ एका पोत्यात आणि कणी दुसऱ्या पोत्यात मिळते. कणीची पेज होते, भाकरी होते, ती काही वाया जात नाही. पण अख्खा तांदूळ कणीच्या पोत्यात गेला तर तो कणीच्या भावाने गेला.

सरकारी मापाने, अख्ख्या दाण्याच्या पाऊणपटीपेक्षा लहान तुकडा तो कणी. तांदळाच्या पोत्यातून १०० ग्रॅम आणि कणीच्या पोत्यातून १०० ग्रॅम चौथाई पद्धतीने काढा. उन्हात काळ्या कापडावर पसरून हाताने निवडा. घरातल्या बायकांचा हात या कामात आपल्यापेक्षा चलाख असतो, त्यांनाच बसवा. समजा तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम कणी निघाली आणि कणीच्या १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम अख्खा तांदूळ निघाला. तांदळाचं पोतं ६० किलोचं आणि कणीचं ८ किलोचं असेल, तर कणीत अख्खा तांदूळ गेला १ किलो ४४० ग्रॅम. तांदळात कणी राहिली ७ किलो २०० ग्रॅम. कणीच्या पोत्यात खरी कणी ६ किलो ५६० ग्रॅम. एकूण कणी १३ किलो ७६० ग्रॅम झाली, त्यातली निम्मीसुद्धा वेगळी झाली नाही.

याचा दोष नेहमी गिरणीवाल्यावर टाकू नये. तांदूळ आणि कणी यांची रुंदी आणि जाडी सारखीच असते, फरक फक्त लांबीचा. सपाट चाळणीने लांबी ओळखणं अवघड, कारण लांब तांदूळही उभा राहिला की गोल भोकातून सटकतो. चाळण आडवी, हळूवार हलली तर दाणे निजलेले राहतात आणि आखूड तुकडेच भोकात कलंडतात. चाळण उसळायला लागली की तांदूळ उभे राहतात आणि कणीत जातात. म्हणून मोठ्या गिरण्यांत कणीसाठी आतून खळगे पाडलेला फिरता ढोल असतो. आखूड तुकडा खळग्यात मावतो, ढोलाबरोबर वर जातो आणि मधल्या पन्हळीत पडतो. लांब तांदूळ खळग्यातून आधीच निसटतो.

गिरणीवाल्याकडे जाताना आपले दोन आकडे लिहून न्या. 'तुमची चाळण वाईट' म्हटलं की भांडण होतं. 'कणीत शेकडा १८ तांदूळ आहे' म्हटलं की तो चाळणीचा उतार आणि वेग बघतो. आणि कणी मुळातच जास्त पडत असेल तर आधी भाताकडे बघा. फार कडक वाळलेलं, उन्हात तापून तडकलेलं किंवा ओलं भात भरडलं तर दाणा मोडतोच. भरडायला शेकडा १४ च्या आसपास ओलावा बरा. मोडलेला दाणा कोणतीही चाळण पुन्हा जोडून देत नाही.

परीक्षेची चाळण काम झाल्यावर उलटी करून मऊ ब्रशने किंवा नारळाच्या कुंच्याने झाडावी. भोकात अडकलेला दाणा खिळ्याने टोचून काढू नये. तार सरकते, आणि मग ती परीक्षेची राहत नाही. चौकटीवर तीन गोष्टी रंगाने लिहून ठेवा : भोकाचं माप, कोणत्या जातीच्या भातासाठी घेतली ते, आणि घेतल्याचं साल. दर हंगामाच्या आधी उजेडासमोर धरून एकदा आरपार बघा. एखादं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं दिसलं तर ती चाळण कामाला लावा, आणि परीक्षेसाठी नवी घ्या.